मुलींना वळण लावणारी पाने



आठवणी सगळेच लिहितील, तू आपल्या विषयातले काही लिही, असे संपादक मंडळाने मला बजावले आहे. तीस वर्षे इतिहास शिकवल्यावर विषय शोधावा लागू नये. पण स्मरणिकेत लढाया आणि तह कोण वाचणार? म्हणून तुमच्या-माझ्या ओळखीच्या एका शब्दापासून सुरुवात करते. तो शब्द म्हणजे 'वळण'. आपल्या वर्गातल्या मुलांना वळण लागत असे ते अक्षराला. मुलींना मात्र अक्षराला, केसांना, चालण्याला, हसण्याला, बसण्याला, सगळ्यालाच वळण लागत असे. घरात आई-आजी होत्या, शाळेत बाई होत्या. शिवाय पुस्तके आणि मासिकेही हे काम शांतपणे करत होती.

'खास मुलींसाठी' असे छापून वळण लावण्याचा उद्योग केव्हा आणि कसा सुरू झाला, त्याचा एक फार चांगला नमुना इंग्लंडमध्ये सापडतो. तो धार्मिक प्रकाशनाचा आहे, आणि त्याच काळातल्या एका मराठी बाईशी त्या जगाचा खटका उडाला होता. म्हणून ही गोष्ट आपल्यालाही परकी वाटणार नाही.

लंडनमध्ये १७९९ साली 'रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी' नावाची संस्था निघाली. ख्रिस्ती धर्माची छोटी पुस्तके आणि पत्रके स्वस्तात छापून वाटणे हे तिचे काम. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडात सामान्य घरांतली मुले मोठ्या संख्येने वाचायला शिकली. वाचता येऊ लागले की माणूस काय वाचेल हे शिकवणाऱ्याच्या हाती राहत नाही. ही मुले एका पेनीला मिळणाऱ्या दरोडेखोरांच्या आणि खुनांच्या गोष्टींवर तुटून पडली. त्याला उतारा म्हणून संस्थेने जानेवारी १८७९ मध्ये मुलांसाठी 'बॉइज ओन पेपर' काढला. त्यात साहसकथा, क्रिकेट, समुद्रप्रवास, आणि धर्म अगदी चवीपुरता. तो धडाक्यात खपला. लगेच ३ जानेवारी १८८० रोजी 'गर्ल्स ओन पेपर' निघाला. दर शनिवारी सोळा पाने, किंमत एक पेनी. संपादक होते चार्ल्स पीटर्स. १९०७ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, मुलींच्या या पत्राचा संपादक एक पुरुष होता.

आधी एक साधा प्रश्न विचारू. मुलांचा अंक होता, तर मुलींसाठी वेगळा अंक का? 'बॉइज ओन' मुलीही वाचत होत्याच. १८८४ च्या सुमारास शाळकरी मुलामुलींच्या वाचनाची एक पाहणी झाली आणि एडवर्ड सॅमन यांनी १८८८ मध्ये आपल्या पुस्तकात ती छापली. मुलींच्या आवडीच्या नियतकालिकांत पहिला क्रमांक 'गर्ल्स ओन'चा आला; पण 'बॉइज ओन'चे नाव लिहिणाऱ्या मुलीही त्यात होत्या. म्हणजे मुलींना जहाजे आणि जंगले आवडत नव्हती असे मुळीच नाही. दोन वेगळे अंक काढणे हाच पहिला संदेश होता. आतला मजकूर वाचण्याआधी, मुखपृष्ठ पाहतानाच मुलीला कळत होते की जग दोन कपाटांत ठेवलेले आहे आणि तिचे कपाट हे आहे.

आत काय असे? क्रमशः कादंबऱ्या असत. रोझा नुशेट केअरीसारख्या लेखिका त्या लिहीत. नायिका बहुधा धीराची, घरासाठी झिजणारी. तिच्या स्वार्थत्यागाचे फळ तिला शेवटी मिळे. शिवण आणि पोशाख यांचे सदर असे, स्वयंपाकाचे असे, पियानोवर वाजवण्यासाठी गाण्यांच्या स्वरलिपी असत, आणि मन स्थिर ठेवण्यासाठी धार्मिक चिंतन असे. आरोग्याचे सदर 'मेडिकस' या नावाने एक डॉक्टर लिहीत. हे डॉ. गॉर्डन स्टेबल्स, नौदलातले माजी शल्यवैद्य. 'बॉइज ओन'मध्ये हेच गृहस्थ साहसकथा लिहीत! एकाच लेखणीतून मुलांना समुद्र मिळत होता आणि मुलींना थंड पाण्याची आंघोळ, मोकळी हवा आणि घट्ट कॉर्सेट न आवळण्याचा सल्ला. हा सल्ला वाईट नव्हता. त्या काळी कमर बारीक दिसावी म्हणून मुली जीव गुदमरेल इतके पट्टे आवळत, त्यांना कोणीतरी थांबवणे गरजेचेच होते. पण बहुतेक वेळा कारण असे दिले जाई की निरोगी मुलगी उद्या चांगली पत्नी आणि चांगली आई होईल. तिला स्वतःलाच मोकळा श्वास घेता यावा, हे कारण पुरेसे मानले जात नसे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत मोलाची वाटतील ती मात्र शेवटची पाने, वाचकांना दिलेल्या उत्तरांची. या सदराची गंमत अशी की त्यात प्रश्न छापत नसत. वर मुलीने घेतलेले टोपणनाव आणि खाली थेट उत्तर. तिने काय विचारले होते ते उत्तरावरून ताडायचे. चेहऱ्याची कांती, केस गळणे, पदार्थाची कृती, कवितेवर अभिप्राय, अनोळखी तरुणाचे पत्र, लग्नाला घरच्यांचा विरोध, नोकरी कुठे मिळेल, प्रार्थनेत मन लागत नाही, सगळे एकाखाली एक. आणि अनेक उत्तरांच्या शेवटी संपादक त्या मुलीच्या अक्षरावर शेरा मारत! प्रश्न भले श्रद्धेबद्दल असो, हस्ताक्षर गचाळ आहे हे तिला सांगितले जाईच. अक्षराचे वळण आणि मुलीचे वळण ही एकच गोष्ट, असे आपल्याकडेच मानत होते असे नाही.

ही उत्तरे आज उलटी वाचावी लागतात. परक्या पुरुषाशी पत्रव्यवहार करू नये असे उत्तर वारंवार येते, याचा अर्थ मुली तसा पत्रव्यवहार करत होत्या किंवा करू पाहत होत्या. रंगमंचावर जाण्याचा विचार सोड, असे एखादीला बजावले जाते, तेव्हा ती विचार करत होती हे नक्की. उपदेशाचा कागद हा पालनाचा पुरावा नसतो, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत असे. जिथे नियम वारंवार सांगावा लागतो तिथे तो वारंवार मोडत असतो. आपल्या शाळेच्या सूचनाफलकावर 'मधल्या सुट्टीत कुंपणावरून जाऊ नये' हे दर वर्षी नव्याने का लिहावे लागे, ते आपल्यापैकी काही जणांना चांगले माहीत आहे.

या पत्राला एक अडचण मात्र सुरुवातीपासून होती. घर आणि विवाह हे मुलीचे क्षेत्र, असे त्याने धरून चालायचे. पण १८५१ च्या जनगणनेपासून इंग्लंडमध्ये सर्वांना ठाऊक होते की पुरुषांपेक्षा स्त्रिया संख्येने जास्त आहेत आणि अनेकींची लग्ने होणारच नाहीत. १८६२ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेग नावाच्या लेखकाने अशा स्त्रियांना चक्क 'अतिरिक्त' ठरवून त्यांना वसाहतींत पाठवावे असे सुचवले होते. अतिरिक्त ठरलेल्या मुलीने पोट कसे भरायचे? म्हणून शिवणाच्या पानाशेजारीच शिक्षिका, परिचारिका, टपाल खात्यातली कारकून, टंकलेखन करणारी, अशा व्यवसायांची माहिती येऊ लागली. केंब्रिजला मुलींसाठी गर्टन कॉलेज १८६९ मध्ये निघाले होते, लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या. त्याविषयीही पत्र लिहू लागले, कधी कौतुकाने, कधी जपून. सूर साधारण असा की गरज म्हणून काम करणारी मुलगी आदरणीय. हौस किंवा महत्त्वाकांक्षा म्हणून घराबाहेर पडणारी मात्र संशयास्पद.

तरीही माहिती ती माहितीच. नोकरीचा पत्ता वाचणाऱ्या मुलीने तो गरजेपोटी वाचला की हौसेपोटी, हे छापणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. मला या पत्राबद्दल राग येत नाही तो यामुळे. एका हाताने त्याने दार लोटले आणि दुसऱ्या हाताने खिडकी किलकिली ठेवली.

याच सुमारास आपल्याकडे काय होते? अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली होती. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली, नंतर नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. नगरची तिची शाळा पाहून जोतिराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. 'ज्ञानोदय' नगरहून १८४२ मध्ये निघाला. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे; ते विधवांच्या दुःखावर होते. म्हणजे ख्रिस्ती छापखान्यांनी मराठीत स्त्रियांचा प्रश्न लवकर हाती घेतला. पण 'गर्ल्स ओन'सारखे मुलींचे साप्ताहिक इथे चालणे कठीण होते, कारण 'किशोरी' ही अवस्थाच बहुतेक मुलींच्या वाट्याला येत नव्हती. शाळा आणि संसार यांच्या मधली चार-सहा मोकळी वर्षे असतील, तरच त्या वयासाठी कोणी काही छापील. इथे तर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यावरून केवढे रण माजले ते आपण दहावीच्या पुस्तकात वाचले आहे.

आता ज्या मराठी बाईचा उल्लेख वर केला तिच्याकडे वळू. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या. त्याच वर्षी त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहिले. तेही स्त्रियांना वळण लावणारेच होते: विद्या शिका, स्वावलंबी व्हा, आणि घर नीट चालवा. त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडचा प्रवासखर्च केला. तिथे वाँटिजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात, डोरोथिया बील या मुख्याध्यापिकेच्या हाताखाली, त्या शिकू आणि शिकवू लागल्या. जिथे 'गर्ल्स ओन' घरोघर वाचले जात होते, त्याच इंग्लंडमध्ये.

तिथे असा प्रश्न निघाला की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे का? हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. तरुण पुरुषांना बाईने शिकवणे योग्य नाही, हिंदुस्थानात लोक काय म्हणतील, असा त्यांचा सूर. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात आहे, आणि तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. त्या नवल करतात की माझ्या आईने आणि मी तरुण विद्यार्थ्यांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी आक्षेप घेतला नाही, आणि इथे मात्र तो घेतला जातो आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले होते. त्यांच्या मुलीला सुधारलेल्या म्हणवणाऱ्या देशात बाईच्या मर्यादा शिकवल्या जाव्यात, यातला विरोधाभास तिने अचूक पकडला. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाकडे गहाण टाकलेली नाही, हेही त्यांनी त्या वादात स्पष्ट केले. तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास होते.

त्यांनी धर्म सोडला नाही. धर्माच्या नावाने येणारे वळण तेवढे नाकारले. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, नंतर केडगावला मुक्ती. तिथे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून झाले १९२४ मध्ये. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम केडगावच्या मुलींनी आणि स्त्रियांनी केले होते. लंडनमध्ये पुरुष मंडळी मुलींनी काय वाचावे ते ठरवत होती. केडगावात दुष्काळातून वाचलेल्या मुली स्वतः धर्मग्रंथ छापत होत्या. ख्रिस्ती प्रकाशन दोन्हीकडे. फरक होता तो मुलगी कागदाच्या कोणत्या बाजूला उभी आहे याचा.

'गर्ल्स ओन'ची पुढची गोष्ट थोडक्यात. १९०८ मध्ये फ्लोरा क्लिकमन संपादक झाल्या आणि ते मासिक झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, त्यात 'वॉरल्स' नावाची नायिका अवतरली: विमान उडवणारी, हेरांना पकडणारी, आणि लग्नाची मुळीच घाई नसलेली. लेखक होते डब्ल्यू. ई. जॉन्स, 'बिगल्स'वाले. साठ वर्षे जे मुलीच्या स्वभावाला मानवणारे नाही असे सांगितले गेले, ते देशाला गरज पडताच मानवू लागले! युद्ध संपल्यावर मासिकाने 'एअरेस', म्हणजे वारसदार मुलगी, हे नाव धारण केले आणि १९५६ मध्ये ते बंद पडले.

पण ही जात संपली नाही. अमेरिकेत 'फोकस ऑन द फॅमिली' या संस्थेने १९९० मध्ये किशोरवयीन मुलींसाठी 'ब्रिओ' मासिक सुरू केले. मुलांसाठी 'ब्रेकअवे' वेगळे. दोन कपाटे तशीच. १९९३ मध्ये 'ट्रू लव्ह वेट्स' ही मोहीम निघाली आणि लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याच्या शपथपत्रांवर मुलामुलींनी सह्या केल्या. २००३ मध्ये 'रिव्हॉल्व्ह' या नावाने बायबलचा नवा करार चक्क फॅशनच्या मासिकासारखा छापला गेला: गुळगुळीत कागद, हसऱ्या मुलींचे फोटो, सौंदर्याच्या युक्त्या, प्रश्नमंजूषा, आणि अर्थात प्रश्नोत्तरे. मुलीने आपण होऊन मुलाला फोन करू नये, पुढाकार त्याचा, हेही त्यात होते.

सव्वाशे वर्षांत बदलले काय? १८८० च्या मुलीला सांगितले जाई, घरासाठी झीज. २००३ च्या मुलीला असा त्याग सांगत नाहीत. तिला शिकायला, खेळायला, कमवायला प्रोत्साहन देतात. पण एक ओझे जड झाले आहे. तिचे कपडे पाहून मुलाच्या मनात काय येईल, त्याची जबाबदारी तिच्यावर. त्या वातावरणात वाढलेल्या अनेक स्त्रियांनी प्रौढपणी लिहिले आहे की आपल्याच शरीराची लाज त्यांना वर्षानुवर्षे पुरली. जोशुआ हॅरिस या लेखकाने १९९७ मध्ये तरुणांना डेटिंग सोडायला सांगणारे गाजलेले पुस्तक लिहिले होते. वाचकांच्या तक्रारी ऐकून त्याने २०१८ मध्ये त्या पुस्तकाचे प्रकाशन थांबवले. इथे निदान उत्तराच्या आधी वाचकाचा प्रश्न ऐकला गेला.

हे सगळे एका धर्माचे दोष म्हणून मी मांडलेले नाही. आपल्याकडच्या व्रतकथा, 'आदर्श गृहिणी' छापाची पुस्तके, आणि आता मोबाइलवर येणारे सुविचार यांच्यावर असाच लेख लिहिता येईल. इंग्लंडचा नमुना घेतला तो त्याचे अंक जपून ठेवलेले आहेत म्हणून. आपल्या मुलींनी काय वाचले याचा पुरावा मात्र रद्दीत जातो.

म्हणून एक विनंती आहे. मेळाव्याला येताना माळ्यावरची एक पेटी उघडा. आईचे शिवणाचे पुस्तक, बहिणीची रुखवताची वही, शाळेचे गृहशास्त्राचे पाठ्यपुस्तक, एखाद्या मासिकाचा मुलींसाठीचा जुना अंक, जे सापडेल ते आणा. वाचनालयात एक टेबल मोकळे ठेवायला मुख्याध्यापकबाईंनी होकार दिला आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी मुलांची पुस्तकेही आणावीत, म्हणजे शेजारी ठेवून पाहता येतील. आणि आठवी-नववीतल्या सध्याच्या मुलींना त्या टेबलाशी आधी जाऊ द्या. त्या काय विचारतात ते कोणीतरी लिहून ठेवा. या वेळी प्रश्नसुद्धा छापू.